बीजभाषणाआधीचं गाऱ्हाणं

रत्नागिरी
मंगळवार, २८ जानेवारी २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

ताई,

वर लिहिलेल्या वेळेला मी मुसाभाईंच्या गोडाऊनमध्ये माईकची तुटलेली वायर सोल्डर करत बसलो होतो. तेवढ्यात कॉलेजचा शिपाई परिषदेची पत्रिका देऊन गेला. उच्च शिक्षण व्यवस्थापनावरची राष्ट्रीय परिषद, ७ आणि ८ फेब्रुवारी. साउंड आमचा, म्हणजे मुसाभाईंचा. मी त्यांच्याकडे सहा वर्षं मिक्सर सांभाळतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.

पत्रिकेवर तीन बीजवक्त्यांचे फोटो आहेत. एक माजी कुलगुरू, एक बंगळुरूचे तज्ज्ञ, आणि मध्ये तू. डॉ. मनस्वी, पुढे सासरचं आडनाव. लग्नात नाव बदललंस, त्यामुळे आमच्या घरची विमला ती हीच, हे इथे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मुसाभाईंनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "गुरू, ह्या बायचं नाक बघ. तुझंच उचललंन की काय?"

मी म्हटलं, "नाकं सगळ्यांना असतात."

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. पत्रिकेवर तुझ्या संस्थेचं नाव छापलेलं आहे, तिथे हे पाठवतो. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा मी तुला पत्रं लिहायचो आणि तू ती लाल पेनाने तपासून परत पाठवायचीस, खाली मार्क देऊन. तिसरीत मला दहापैकी चार मिळाले होते, सातवीत नऊ. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही, पण शब्दकोश जवळ ठेवल्याशिवाय आजही काही लिहीत नाही. तो तूच दिलेला आहे. कव्हर गेलं आहे, पानं सगळी आहेत.

आता कामाचं. कॉलेजच्या हॉलपासून आपली वाडी अठरा किलोमीटरवर आहे. पाहुण्यांची उतरायची सोय गणपतीपुळ्याच्या बाजूला समुद्रावर केली आहे, ती त्याहून लांब आहे. एकदा घरी ये. आई गेली त्या दिवशी तू ओटीवर उभी राहून बाबांना म्हणालीस, "तुम्ही देवाला गाऱ्हाणं घालत बसलात आणि आई गेली." मी दाराआड होतो. बाबांनी त्याला उत्तर दिलं ते दोन वर्षांनी, गोठ्यात शेण काढताना, मी काही विचारलेलं नसताना. "दवाखान्यात न्यायला जीप सांजची आली. तवर माणसानं करायचं काय?" एवढंच.

जाताना अंगणात तू मला सांगितलंस, "दहावीला तुला पुण्याला नेते." ते राहू दे.

शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा बाबा दर वर्षी दोन नारळ ठेवतात. एक घरचा. दुसरा कोणाच्या नावाचा ते सांगत नाहीत. डाव्या डोळ्याने त्यांना आता कमी दिसतं. मी तुला राहायला ये म्हणत नाही. चहा पी आणि जा.

तुझा,
गुरुप्रसाद


रविवार, २ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३

ताई,

तुझं उत्तर नाही. स्पीड पोस्ट गुरुवारी पोहोचलं असं फोनवर दिसतं. घेणाऱ्याच्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी नाव आहे, म्हणून पत्र तुझ्या हातात पडलं नसेल असं मी धरतो. हे दुसरं त्याच पत्त्यावर.

परवा आवाजाची तपासणी करायला कॉलेजात गेलो होतो. परिषदेचे समन्वयक सुजयसर म्हणून आहेत. माणूस चांगला, पण सारखा मान पुसत असतो. उद्घाटनाला काहीतरी "इथल्या मातीतलं" हवं असा वरून हुकूम होता आणि जाखडी नाचणारे त्या दिवशी मोकळे नव्हते. मी म्हटलं, "सर, गाऱ्हाणं ठेवा. एक गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवाकडे मागणं मागतो, बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. पाच मिनिटांचं काम. माईक एकच लागतो."

सरांचा चेहरा उजळला. "आहे कोणी तुझ्या ओळखीत?"

"भागोजी म्हणून आहेत एक. गावात त्यांचाच मान आहे."

माझे वडील आहेत हे मी बोललो नाही.

सरांनी मजकूर स्वतः टाईप करून दिला. तो बाबांना वाचून दाखवला. "नॅकच्या तपासणीच्या पाहुण्यांच्या नजरेला आमच्या फटी पडू देऊ नको रे महाराजा. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरून दे रे महाराजा." बाबा विडी न पेटवता ऐकत होते.

"हे हसायसाठी हाय काय?"

"थोडंसं."

"देवाफुडं हसायला हरकत नाय. त्या जागा खऱ्याच रिकाम्या हायत काय?"

"अर्ध्याच्या वर."

"मग मागणं खोटं नाय. घालतो."

नंतर मी त्यांना सांगितलं की त्या परिषदेला तू येणार आहेस. ते उठले, पेटीतला पांढरा सदरा काढला आणि वईच्या कुंपणावर उन्हात टाकला. याच्यापुढे मी काही लिहीत नाही.

तू त्यांना बघशील तेव्हा जागेवरून ऊठ आणि त्यांच्यापाशी जा. लोकांसमोर नको असेल तर मागच्या बाजूला, चहाच्या टेबलाजवळ. ते जास्त बोलणार नाहीत. तुला माहीत आहे ते कसे आहेत.

गुरुप्रसाद


रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९

ताई,

परिषद पार पडली. काल संध्याकाळी आम्ही वायरी गुंडाळल्या. तू परवा दुपारीच गेलीस, त्यामुळे बाकीच्या दोन बीजवक्त्यांचं तुला माहीत नसणार. माजी कुलगुरूंना पंचवीस मिनिटं दिली होती. वेळेच्या व्यवस्थापनावर ते सव्वा तास बोलले. सुजयसर चिठ्ठी पाठवायचे, कुलगुरू ती वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि पुढे बोलायचे. बंगळुरूचे तज्ज्ञ पडद्यावर आले, ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. सगळा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. त्यांनी स्वतःचाच माईक बंद ठेवला होता. मुसाभाई माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "राहू दे, आसाच बरा चाललाय."

आता तुझं.

तुझा कॉलर माईक एका विद्यार्थिनीने लावला. तो सुरू करून मीच तिच्या हातात दिला होता. मी स्वतः आलो नाही, मिक्सरपाशीच बसलो. हॉलमध्ये सोडायच्या आधी मिक्सरवाला प्रत्येक माईक हेडफोनवर ऐकून घेतो, हे आमचं नेहमीचं काम. मी ते करत होतो. चोरून ऐकायला बसलो नव्हतो.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबांचा.

"विमला."

मग तुझा.

"तुम्ही इथे कसे?"

"तूच बलावलंस ना गो?"

"मी?"

मग तुझा आवाज खाली गेला. "आपण कोण ते कोणाला सांगितलंत का?"

"नाय."

"सांगू नका. आत्ता नको. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"बरं," बाबा म्हणाले. ते तुझ्या अगदी जवळ उभे असणार. "बरं" फार स्पष्ट ऐकू आलं.

तू बोलावलं आहेस, असं मी त्यांना सांगितलं होतं. मागच्या पत्रात मी हे लिहायचं टाळलं. तसं सांगितलं नसतं तर ते आले नसते. न बोलावता ते कोणाच्या लग्नालाही जात नाहीत. ही थाप माझी, तिचा दोष माझ्याकडे. पण पुढे तू जे बोललीस ते तुझं.

मग तुम्ही सगळे व्यासपीठावर बसलात, समई लागली, आणि बाबा खाली तांदूळ आणि नारळ घेऊन उभे राहिले. त्यांनी कागद खिशातून काढलाच नाही. सरांची मागणी मात्र एकूण एक मागितली. रिकाम्या जागांना हॉल इतका हसला की मला आवाज कमी करावा लागला. तीनशे माणसं "होय महाराजा" म्हणत होती. तूही म्हणत होतीस, हसत, कुलगुरूंकडे बघत. तुझा माईक मी हॉलमध्ये सोडलेला नव्हता, पण हेडफोनमध्ये तू एकटी मला वेगळी ऐकू येत होतीस.

सरांचा मजकूर संपला. सुजयसर टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले, कारण बाबा थांबले नव्हते. तांदूळ अजून मुठीत होते.

"आनि बा देवा म्हाराजा, जी मानसं ही माती सोडून गेली, त्यांना परत ह्या वाटेला आनू नको रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" हॉल म्हणाला.

"जितं हायत तितंच त्यांचं बरं कर रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"त्यांचा आमच्यावर हक्क ऱ्हायला नाय, आमचा त्यांच्यावर ऱ्हायला नाय, आसं आज ह्या समद्यांच्या साक्षीनं ठरलं रे म्हाराजा!"

हॉल परत "होय महाराजा" म्हणाला. त्यांना वाटलं, जुनी चाल असेल. पण या वेळी तू हॉलबरोबर म्हणाली नाहीस. हॉल म्हणून मोकळा झाला, लोक टाळ्यांना लागले, आणि मग हेडफोनमध्ये तू म्हणालीस, एकटी, हळू. "होय महाराजा."

ताई, तू तेव्हा हसत नव्हतीस.

नंतर निवेदिकेने जाहीर केलं की लोककलावंताचा सत्कार आपल्या बीजवक्त्यांच्या हस्ते होईल. तू उठलीस. शाल नीट दोन्ही खांद्यांवर घातलीस. नारळ दिलास, पाकीट दिलंस. कॅमेरावाल्याने "मॅडम, इकडे" म्हटलं तेव्हा इकडे बघितलंस. आणि तोवर मी तुझा माईक उघडला होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं: "फारच सुंदर. कुठल्या गावचे आपण?"

बाबा म्हणाले, "ह्याच मुलखातला, बाय."

मग तुझं भाषण झालं. कोणीही व्यवस्थेबाहेर राहत नाही, असं तू म्हणालीस. नव्या धोरणात मध्येच बाहेर पडता येतं आणि परत आतही येता येतं, दार दोन्ही बाजूंनी उघडतं. पडद्यावर एक आलेख होता. नववीपाशी रेष खाली पडत होती. लाल ठिपका लेसरचा होता, तुझ्या हातातला. तू तिथे दोनदा गोल फिरवलास. आवाजाचं विचारशील तर उत्तम लागला होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न शब्द पोहोचला.

बाबा जेवायला थांबले नाहीत. "मग बघू" म्हणाली होतीस म्हणून गेटपाशी मात्र थांबले, तुमची गाडी जाईपर्यंत. काच वर होती. मुसाभाईंना सांगून मी बाबांना मोटरसायकलवर घरी सोडलं. वाटेत विचारलं, "बाबा, ते शेवटचं कागदात नव्हतं."

"कागद सरांचा. गाऱ्हाणं माझं."

"आता?"

"आता काय? मी मागितलं, ती होय म्हनली. संपलं."

"ती सगळ्यांबरोबर म्हणाली असेल."

"समद्यांबरोबर म्हनलं तर देव धरीत नाय काय?"

तीन वाटांच्या तिठ्यापाशी आल्यावर आपणहून म्हणाले, "मोडायचं आसंल तर जो होय म्हनला त्यानं सोता येऊन देवाफुडं मोडायचं. दुसऱ्याला येत नाय."

पालखी आपल्या दारात मंगळवारी १८ मार्चला येईल. ती दारात असताना तू नारळ ठेवलास की झालं. एक वाक्य बोलायचं असतं, ते बाबा सांगतील. देवावर तुझा विश्वास नाही हे मला माहीत आहे. माझा तरी किती आहे, मीही विचारत नाही. पण बाबांचा आहे, आणि ते आता तुझं नाव घेत नाहीत. काल सदरा धुऊन पेटीत ठेवला. शालीला हात लावलेला नाही. ती पिशवीत आहे तशी खुंटीला आहे.

ये.

गुरुप्रसाद


शनिवार, २२ मार्च २०२५, संध्याकाळी ५

ताई,

तुझं पत्र संस्थेच्या छापील कागदावर आलं. ते मी तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे माझ्या वाचण्यात चूक झाली असेल तर कळेल. "तो कार्यक्रमाचा भाग होता. सगळे म्हणाले तसं मी म्हणाले. शब्दांना एवढा अर्थ चिकटवू नकोस. सोबत बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंचवीस हजारांचा चेक आहे. मार्चमध्ये येणं शक्य नाही." माझ्या तीन पत्रांत चुका निघाल्या की नाही, ते लिहिलेलं नाहीस.

चेक याच पाकिटात परत आहे. डोळ्याचं ऑपरेशन सिव्हिलमध्ये होतं, तारीख मिळाली आहे.

सगळे म्हणाले तशी तू म्हणाली नाहीस. सगळे आधी म्हणाले, तू मागून म्हणालीस. आम्ही प्रत्येक माईकचा आवाज वेगळा साठवतो, त्यामुळे तुझा होता माझ्याकडे. तो तुला पाठवायचा असं मी ठरवलं होतं. पेन ड्राइव्हही आणला होता. मग मुसाभाईंनी तो व्हिडिओ दाखवला.

नागपूरच्या परिषदेतलं तुझं बीजभाषण. आमच्या धंद्यात सगळे असे व्हिडिओ बघतात, कुठे कोणता स्पीकर लावलाय ते बघायला. तू सुरुवातच आमच्यापासून केलीस. "गेल्या महिन्यात रत्नागिरीला मला एक वृद्ध गावकरी भेटला. हातात पदवी नाही. पण पाच मिनिटांत त्याने अख्ख्या सभागृहाची संमती मिळवली. आपण ज्याला स्टेकहोल्डर एंगेजमेंट म्हणतो, ते कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय." मग तू स्वतः गाऱ्हाणं घातलंस. बाबांचाच हेल काढलास. चांगला काढलास, लहानपणी ओटीवरून ऐकलेला आहेस. रिकाम्या जागा, नॅक, सगळं ओळीने. नागपूरचा हॉलही हसला, नागपूरचा हॉलही "होय महाराजा" म्हणाला. शेवटची तीन वाक्यं तेवढी गाळलीस. तुला आठवत नसतील असं मी म्हणणार नाही.

मुसाभाई म्हणाले, "गुरू, हे तर तुझ्या बापसाचं! एक वृद्ध गावकरी म्हणते ही? नाव तरी घ्यायचंन." मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. थोड्या वेळाने चहा मागवला. त्या दिवसापासून नाकावरून थट्टा बंद आहे.

बाबांना मी व्हिडिओ दाखवला नाही. तुझ्या माईकची फाईल पुसून टाकली. पुसताना यंत्र विचारतं, नक्की का. मी "होय" दाबलं.

मंगळवारी पालखी आली. आपल्या दारात दुपारी आली, तीनेक वाजता. चाकरमानी सगळे आलेले होते, शेजारच्या हौसाकाकीचा मुलगा तर अबू धाबीहून. ढोल वाजत होते. बाबांनी अंगण सारवून घेतलं होतं. मी तिठ्यावर दोन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "उगाच पेट्रोल जाळू नको." पालखी नाचवणाऱ्यांनी विचारलं, "भागोजीदादा, दुसरा नारळ?" दर वर्षी घ्यायची त्यांना सवय. बाबा म्हणाले, "एकच." आणि पालखीखालून वाकून गेले.

त्या दिवशीची शाल या पत्राबरोबर पार्सलने पाठवली आहे. खरेदीची चिठ्ठी पिशवीतच होती, तीही तशीच ठेवली आहे. पुढच्या परिषदेत कोणाच्या तरी खांद्यावर घालता येईल. त्या दिवसानंतर घडी मोडलेली नाही.

हे पत्र तपासून परत पाठवू नकोस.

बाबांना मिळालेल्या पाकिटाचा हिशोब देतो, कारण ते तुझ्या हातून मिळालं.

जमा, कॉलेजचं पाकीट: ५०१.
खर्च, परिषदेच्या दिवशीचं पेट्रोल: १५०.
गाऱ्हाण्याचा नारळ: ४५. तांदूळ घरचे, धरलेले नाहीत.
शालीचं पार्सल: ११८.
तिठ्यावरच्या दोन खेपा माझ्या पदरच्या.
तुझं आमच्याकडे येणं: काही नाही.
आमचं तुझ्याकडे येणं: काही नाही.
पालखीसाठी नारळ: मी सोमवारी दोन आणले, ९०. त्यातला एक बाबांनी मंगळवारी सकाळीच दुकानात परत द्यायला लावला. दुकानदाराने घेतला, ४५ परत मिळाले.

गुरुप्रसाद